वजनाचा काटा आणि चरबीचा टक्का

अड्याळला काट्याचं अप्रूप नाही. भंडारा-पवनी रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या. इथला निम्मा व्यवहार वजनावरच चालतो. धानाचे कट्टे काट्यावर चढतात, बाजारात मासोळी तोलली जाते, अंगणवाडीतलं लेकरू महिन्याला एकदा काट्याच्या झोळीत लटकतं, तपासणीला आलेली गरोदर बाई आधी काट्यावर उभी राहते. धडधाकट मोठ्या माणसाला मात्र स्वतःचं वजन करावंसं वाटत नसे. फार तर रेल्वेच्या फलाटावर रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या मशीनमध्ये नाणं टाकायचं, मागे भविष्य छापलेलं जाड तिकीट खिशात घालायचं आणि गाडी सुटेपर्यंत विसरून जायचं.

तो काटा आता घरात आलाय. हजार-दीड हजारात काचेचा, चपटा, वर धातूच्या चार पट्ट्या असलेला. अनवाणी उभं राहिलं की मोबाइलवर एक सोडून दहा-बारा आकडे उमटतात: वजन, चरबीचे टक्के, स्नायू, पाणी, हाडं, पोटातली चरबी, इतकंच काय शरीराचं ‘वय’सुद्धा. यातलं धरायचं काय आणि सोडायचं काय, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा काटा वजन चोख सांगतो, पण आपण ते चुकीच्या पद्धतीने वाचतो. चरबीचा टक्का तो अंदाजाने सांगतो, आणि आपण तो रक्ताच्या रिपोर्टसारखा मानतो. त्यातही पंचाईत अशी की आपल्या बांध्याच्या माणसांना वजनापेक्षा चरबीचीच माहिती जास्त हवी आहे. जो आकडा सर्वांत गरजेचा, तोच इथे सर्वांत कच्चा आहे.

गरजेचा का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा मजकूर आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा एकत्र फोटो. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, सारखाच: २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही ‘नॉर्मल’. पण डेक्सा या क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हे ‘वाय-वाय कोडं’ म्हणून जगभर गाजलं. व्याख्यानांतून आजही तो फोटो दाखवला जातो, आणि दाखवावाच. कारण शंभर आलेख जे सांगणार नाहीत ते दोन डॉक्टर नुसते शेजारी उभे राहून सांगतात.

हे कोडं एका माणसापुरतं नव्हतं. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान होतं, पण सारख्या प्रमाणात नाही. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी, तर पाठीवर चिमटीत येणाऱ्या कातडीखालची चरबी जवळपास गोऱ्या बाळाइतकीच. काटकुळं दिसणारं आणि तरीही आतून चरबी राखून असलेलं हे शरीर आपण जन्मापासून घेऊन येतो. म्हणून तर ‘अंगाने बारीक आहे, त्याला कशी साखर झाली?’ हा प्रश्न अड्याळच्या चहाटपरीवर विचारला जातो तसाच सोलापुरात आणि साताऱ्यातही विचारला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्याच वर्षी, २००४ मध्ये, आशियाई लोकांसाठी धोक्याची पायरी खाली आणली: बीएमआय २३ झाला की सावध व्हा. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २५ आणि त्यावर लठ्ठपणा ठरवला, पाश्चात्त्य देशांत तो ३० पासून धरतात. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. सिंगापूरमधल्या भारतीयांच्या मोजणीतही तेच दिसलं: सारख्या चरबीला आपला बीएमआय गोऱ्या माणसापेक्षा साधारण ३ अंकांनी कमी असतो.

आणि हे सगळं अशा राज्यात, जिथे कमी वजनाची काळजी अजून संपलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के बायांचं वजन उंचीच्या मानाने कमी होतं आणि २३.४ टक्क्यांचं जास्त. पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची. एकाच घरात सून रोड आणि सासू जाड, असं चित्र या आकड्यांतून उभं राहतं. एकीचा आकडा वाढायला हवा, दुसरीचा उतरायला. ‘वजन कमी झालं, अभिनंदन!’ असं म्हणणारं मोबाइल ॲप हा फरक जाणत नाही.

आता काट्याकडे वळू. आधी नुसतं वजन.

घरगुती डिजिटल काट्याच्या चार पायांत चार लोडसेल असतात. भार पडला की धातूची पट्टी अगदी सूक्ष्म वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून किलो निघतात. साधी आणि भरवशाची रचना आहे. बिघडते ती बहुधा जमिनीमुळे. सारवलेली जमीन, चटई, सतरंजी, हलणारी फरशी, यांवर काटा ठेवला की पाय रुततात किंवा एखादा अधांतरी राहतो आणि किलो-दोन किलोची तफावत पडते. काटा पक्क्या, सपाट फरशीवर एका जागी ठेवावा. हलवला तर एकदा पायाने दाबून शून्य होऊ द्यावा, मगच चढावं. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो, घरातला काटा तपासायला कोणी येत नाही. तेव्हा अधूनमधून आपणच तपासावा. तांदळाची सीलबंद बॅग हातात घेऊन आणि बॅगेविना असं दोनदा चढायचं, फरक बॅगेवरच्या वजनाइतका आला की पुरे. काही काट्यांची एक लबाडीही ध्यानात ठेवावी. लागोपाठ दोनदा चढलं आणि फरक थोडा असला, तर ते आधीचाच आकडा पुन्हा दाखवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं की काटा किती अचूक! मध्ये बादलीभर पाणी किंवा दुसरा माणूस चढवला की ही आठवण पुसली जाते.

काटा ठीक असला तरी शरीर ठीक एका जागी राहत नाही. दिवसभरात किलो-दोन किलो वर-खाली होणं अगदी रोजचं आहे, आणि त्यात चरबीचा वाटा जवळजवळ शून्य. हिशेब करून पाहा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. काल रात्री लग्नात जेवून सकाळी काटा एक किलो वर गेला, तर ती चरबी असण्यासाठी नेहमीच्या जेवणावर आणखी सव्वादोन किलो कच्च्या तांदळाचा भात रिचवायला हवा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला भातखाऊ गडीसुद्धा हात टेकेल. वाढलेलं असतं ते पाणी, आतड्यातलं अन्न आणि मीठ. शरीरात जास्तीचं ९ ग्रॅम मीठ गेलं की ते साधारण लिटरभर पाणी धरून ठेवतं, आणि पंगतीतलं लोणचं, पापड, मसालेदार रस्सा ही कामगिरी सहज पार पाडतात. स्नायू-यकृतात साठणारी साखर, ग्लायकोजेन, तीही आपल्या वजनाच्या तिपटीएवढं पाणी सोबत घेऊन बसते. म्हणूनच भात-पोळी बंद करणाऱ्याचं वजन पहिल्या आठवड्यात धडाधड उतरतं आणि ‘आठ दिवसांत तीन किलो’ची जाहिरात खरीही ठरते. उतरलेलं बहुतेक पाणी असतं. बायकांना पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं ते वेगळंच. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आलेल्या बाईचं संध्याकाळचं वजन आणि मे महिन्याच्या उन्हात भंडाऱ्याहून मोटरसायकलवर आलेल्या माणसाचं वजन, दोन्ही घामाने खाली आलेली असतात.

यावर उपाय जुना आणि सोपा: सरासरी. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत चढायचं. आज नेसती साडी, उद्या गाऊन, थंडीत वर स्वेटर असं केलं तर सगळी मेहनत वाया. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचा. दुधाचा हिशेब जिथे लिहिता त्याच चौकोनात. आणि रोजच्या आकड्याकडे न बघता आठवड्याची सरासरी काढायची. समजा एका आठवड्याचे आकडे असे आले: ७१.४, ७२.१, ७१.०, ७१.८, ७०.९, ७१.६, ७१.२. सरासरी ७१.४. पुढच्या आठवड्यात ७१.०, ७१.७, ७०.६, ७१.९, ७०.८, ७१.१, ७०.७. सरासरी ७१.१. दुसऱ्या आठवड्यातल्या चौथ्या दिवशी ७१.९ बघून माणूस हाय खातो आणि उपास धरतो. प्रत्यक्षात तो ३०० ग्रॅमने उतरलेला असतो, आणि आठवड्याला एवढं उतरणं म्हणजे उत्तम चाल. ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक जॉन वॉकर यांनी १९९१ मध्ये ‘द हॅकर्स डाएट’ या पुस्तकात हीच युक्ती आणखी बारकाईने मांडली. कालच्या सरासरीत आजच्या फरकाचा फक्त एक दशांश मिळवायचा. आजच्या वजनाला असं फार बोलू द्यायचं नाही. चांगली ॲप्स आज नेमकं हेच करतात.

रोज वजन करावं की आठवड्याला, यावर मतभेद आहेत. अमेरिकेत मोठी घट करून ती टिकवणाऱ्यांची एक नोंदवही १९९४ पासून चालू आहे, त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून किमान एकदा तरी काट्यावर चढतात. पण नोंदवहीत जे टिकले त्यांचीच नावं असतात, हे विसरू नये. रोजच्या वजनाने फायदा झाल्याचे काही प्रयोगही आहेत. माझ्या मते रोज लिहिणं ठीक, रोज घाबरणं नको. ज्या मुलीमुलांना आधीच आपल्या शरीराची लाज वाटते, जेवण टाळायची सवय लागली आहे, त्यांच्यापासून मात्र काटा दूर ठेवलेला बरा.

मराठीत वजन आणि आहाराच्या प्रश्नावर दोन ठळक पंथ आहेत, आणि २०१८ च्या सुमारास घराघरांत त्यावर वाद रंगले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचं सूत्र पुढे नेलं: दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवा आणि ४५ मिनिटं चाला. सुरू करण्याआधी वजन, पोटाचा घेर, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन मोजून घ्या, असं त्यांचं सांगणं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं नेमकं उलट दिशेचं. घरचं, स्थानिक, हंगामातलं खा, आणि काट्यावरच्या आकड्याला तब्येतीचं माप समजू नका. आहाराच्या वादात इथे पडत नाही. मोजण्यापुरतं बोलायचं तर दोघांचंही निम्मं बरोबर आहे. दीक्षितांनी सामान्य माणसाला वजनाच्या जोडीने टेप आणि रक्ताचा रिपोर्ट बघायला लावलं, ही मोठी गोष्ट. आणि एकटं वजन दिशाभूल करतं हे दिवेकरांचं म्हणणं वाय-वाय कोड्याने आधीच सिद्ध करून ठेवलं होतं.

आता टक्का. काटा चरबी कशी मोजतो? खरं सांगायचं तर मोजतच नाही.

धान खरेदी केंद्रावर कधी उभे राहिला असाल तर ओलावा मोजायचं मशीन पाहिलं असेल. मूठभर धान कपात ओतायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं, पडद्यावर आकडा येतो. सतराच्या आत असला तर माल पुढे सरकतो, वर असला तर केंद्रावरचा माणूस मान हलवतो: वाळवून आणा. ते मशीन धानातलं पाणी काढून तोलत नाही. ओल्या आणि कोरड्या दाण्याचं विजेशी वागणं वेगवेगळं असतं, ते बघून आत साठवलेल्या तक्त्यावरून ओलाव्याचा अंदाज सांगतं. म्हणून त्यावर पीक निवडावं लागतं. गव्हाचं बटण दाबून धान मोजलं तर आकडा येईल, पण चुकीचा.

चरबी सांगणारा काटा याच जातीचा. पायाखालच्या पट्ट्यांतून तो साधारण ५० किलोहर्ट्झचा, एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह सोडतो. अंगाला जाणवत नाही, तरी पेसमेकर बसवलेल्याने त्यावर चढू नये आणि गरोदर बाईने हा भाग वापरू नये. स्नायू आणि इतर चरबीविरहित भागात ७३ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यातून वीज सहज जाते. चरबीत पाणी फार थोडं, तिथे ती अडते. अडथळा किती यावरून पाणी, पाण्यावरून चरबीविरहित भाग, आणि तो वजनातून वजा करून उरली ती चरबी. म्हणजे तीन पायऱ्यांचा अंदाज, आणि शेवटची पायरी वजाबाकीची. वरच्या दोन पायऱ्यांवर झालेली सगळी चूक चरबीच्या खात्यात येऊन पडते.

ती कशी पडते ते पाहा. समजा ७० किलोच्या माणसाला काट्याने २५ टक्के चरबी दाखवली, म्हणजे साडेसतरा किलो. त्याने तिथेच उभ्या उभ्या अर्धा लिटर पाणी प्यायलं आणि पुन्हा चढला. वजन ७०.५. पोटातलं पाणी अजून पायांच्या स्नायूंत पोहोचलेलं नाही, अडथळा तोच, तेव्हा काट्याच्या हिशेबी चरबीविरहित भागही तोच. वाढलेलं अर्धा किलो सगळं चरबीत: १८ किलो, साडेपंचवीस टक्के. उलट उन्हातान्हातून घाम गाळून आलेल्याच्या अंगात पाणी कमी, अडथळा जास्त, आणि काटा त्यालाही जास्त चरबीवाला ठरवतो. दिवसभर बांधीत राबलेला शेतकरी आणि दिवसभर कूलरसमोर बसलेला त्याचा भाऊ, यांच्यात काटा भावाच्या बाजूने कौल देऊ शकतो.

शेतकऱ्याच्या पायांचा प्रश्न आणखी वेगळा. अनवाणी चालून तळपायाला आलेला जाड थर, भेगाळलेल्या टाचा, कोरडी कातडी, या सगळ्यातून वीज नीट शिरत नाही. प्रवाह सोडणाऱ्या आणि वाचणाऱ्या पट्ट्या वेगळ्या ठेवल्यामुळे ही चूक कमी होते, जात नाही. काट्यासोबतच्या माहितीपत्रकात पाय स्वच्छ धुऊन पुसून चढा असं लिहिलेलं असतं, ते वाचतो कोण!

त्याहून मोठी अडचण प्रवाहाच्या वाटेची. तो एका पायाने वर जातो, ओटीपोटातून वळतो आणि दुसऱ्या पायाने उतरतो. पोट-छाती त्याच्या वाटेत जवळजवळ येतच नाही. हातापायांतून प्रवाह सोडणाऱ्या महागड्या मशीनमध्येही धड हा वजनाचा निम्म्याजवळचा भाग असून एकूण अडथळ्यात त्याचा वाटा सुमारे एक दशांश. आणि आपली चरबी साठते नेमकी पोटात. तेव्हा पायाखालच्या पट्ट्यांवरून ‘पोटातली चरबी: ९’ असा आकडा छापणारं ॲप वय, वजन, उंची यांवरून ठोकताळा मांडत असतं, बाकी काही नाही. ‘शरीराचं वय’ तर निव्वळ करमणूक.

या ठोकताळ्यात विजेचा भाग किती, हे घरीच तपासता येतं. ॲपमध्ये आपली उंची १६५ च्या जागी १७५ सेंटिमीटर करा आणि पुन्हा चढा. अंगावरची चरबी तीच, टक्का मात्र खाली येईल. डॉयरेनबर्ग या डच आहारशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये वीज अजिबात न वापरणारं एक सूत्र दिलं होतं: बीएमआयची १.२ पट, अधिक वयाची ०.२३ पट, वजा ५.४, आणि पुरुष असेल तर आणखी वजा १०.८. पंचेचाळीस वर्षांचा, ७० किलोचा, १६५ सेंटिमीटर उंचीचा पुरुष घेतला तर उत्तर २५ टक्के. त्याच मापाची बाई असेल तर ३५.८. पुरुषाची उंची १७५ केली की २१.६. कागद-पेन्सिलीने निघणारं हे उत्तर आणि हजार रुपयांच्या काट्याचं उत्तर पुष्कळदा जवळपास येतं, यात नवल नाही. काट्याच्या सूत्रातही वय, उंची, वजन आणि लिंग हेच गडी असतात, वीज त्यांच्या जोडीला.

सूत्र कोणाच्या शरीरांवरून काढलं, हा प्रश्न धानाच्या मशीनवरच्या पिकाच्या बटणासारखाच. युरोपी किंवा जपानी माणसांवरून बसवलेलं समीकरण आपल्या बारीक हातपायांच्या, पोट सुटलेल्या शरीराला लावलं की चरबी सहसा कमी दाखवली जाते. म्हणजे ज्याला सावध करायला हवं त्यालाच दिलासा मिळतो. पुण्याच्या केईएमच्या गटाने खेडं, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती अशा तिन्हीकडच्या पुरुषांत ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, पाणी पाजून चरबी मोजली आणि ती कातडीच्या चिमट्याच्या व विजेच्या पद्धतींशी ताडून पाहिली, ती याच शंकेपोटी. घरगुती काट्यांची अलीकडची एक परीक्षा पॅरिसमध्ये झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन स्मार्ट काटे डेक्साशी ताडले. वजनात फरक ३०० ग्रॅमच्या आत. चरबी मात्र तिघांनीही कमी सांगितली, साधारण २ ते साडेचार किलोंनी.

जपानच्या तानिता कंपनीने १९९२ मध्ये उभं राहून चरबी सांगणारा काटा आणला, तेव्हापासून ही मशीनं स्वस्त होत गेली, अंदाजाची जात तीच राहिली. तरीही टक्का अगदीच टाकाऊ नाही. तोच काटा, तीच वेळ, तेच उपाशी पोट, धुतलेले पाय, असं पाळून महिन्याची सरासरी काढली आणि तीन-चार महिन्यांत ती सरळ एका दिशेने गेली, तर दिशेवर थोडा विश्वास ठेवावा. आकड्यावर ठेवू नये. आणि दोन वेगळ्या काट्यांचे टक्के एकमेकांशी कधीही ताडू नयेत.

तालुक्या-गावांत विजेच्या खांबांवर ‘वजन कमी करा’ असे फलक लटकतात. आत गेलं की हातात धरायचं मशीन देतात, टक्का काढतात, तो लाल रंगात रंगलेल्या तक्त्यावर दाखवतात आणि मग पावडरचा डबा पुढे करतात. पंधरा दिवसांनी पुन्हा मशीन, टक्का दीडने उतरलेला, टाळ्या. पहिल्या वेळी तुम्ही संध्याकाळी घामाघूम गेला होतात आणि दुसऱ्या वेळी सकाळी पाणी पिऊन दोन तासांनी, एवढ्याने दीड टक्का हलू शकतो. माल विकणाऱ्याच्या हातच्या मोजमापावर माल घेऊ नये, हे धान विकणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग आपल्या पोटातल्या चरबीसाठी हाताशी काय? शिंप्याचा टेप. सर्वांत खालची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, टेप न आवळता. बायकांनी परकराच्या नाडीवरून नको, नाडी सैल करून. उंचीच्या निम्म्यापेक्षा घेर जास्त नको, हा एक सोपा नियम आहे आणि ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०२२ पासून तो आपल्या सल्ल्यात घेतला आहे. १६० सेंटिमीटर उंचीला ८०. चार-चार आठवड्यांनी मोजा. वजन हललं नाही आणि घेर तीन सेंटिमीटर उतरला तर ती खरी कमाई. वजन तीन किलो उतरलं आणि घेर तिथेच, तर पाणी किंवा स्नायू गेले असण्याची शक्यता धरा. वाढत्या वयात, आणि २०२५ पासून भारतात मिळू लागलेली वजन उतरवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांनी तर जास्तच, ही जोडी सांभाळायला हवी. अशा घटीत चरबीबरोबर स्नायूही जातात.

वजन उतरणं नेहमीच चांगलं नसतं, हे आपल्या भागात ठासून सांगावं लागतं. काही न करता सहा महिने-वर्षभरात वजनाच्या पाच टक्के, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो गेले तर आनंद करायचा नाही, दवाखाना गाठायचा. साखर, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग, सगळे याच दाराने येतात. क्षयाच्या रुग्णाच्या गोळ्याच वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. वजन वाढलं की मात्राही बदलते. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात, उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. इथे साधा काटा हे जीव वाचवणारं उपकरण आहे. चरबीच्या पट्ट्यांची त्याला गरज नाही. हृदय कमजोर असलेल्या माणसाचं वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर ते पायांत आणि फुप्फुसात साचणारं पाणी असतं, पाय सुजायच्या आधी काटा ते सांगतो. अशा रुग्णाने रोज सकाळी वजन करणं हे औषधाइतकंच गरजेचं.

शेजारच्या गडचिरोलीचं उदाहरण तर जगाने उचललं. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाचं घरी जाऊन वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाला झोळीत घालून जे वजन करतात, ते या कामातून आलेलं आहे. त्या काट्यावर एकच आकडा असतो, आणि त्याचं काय करायचं हे ताईला पक्कं माहीत असतं: अडीच किलोच्या खाली भरलं तर जास्तीच्या भेटी आणि जास्तीची काळजी.

घरासाठी काटा घ्यायचाच असेल तर पट्ट्यांवाला घ्या की साधा, वजनापुरता फरक पडत नाही. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाय रुंद आणि घट्ट असलेला, सेल गावात मिळतील असा बघावा. नाण्यासारखा गोल सेल भंडाऱ्याहून आणावा लागला की काटा पलंगाखाली जातो. साध्या काट्यात वाचलेले पैसे एका टेपला आणि घरातल्या चाळिशीपुढच्या दोघांच्या उपाशीपोटी साखरेच्या आणि एचबीए१सीच्या तपासणीला लावावेत.